तुम्ही विचारलंत म्हणून : मेरी कोम मोठी की निखत?

धर्माबादसारख्या गावात मुलींना बॉक्सिंग शिकवणाऱ्या बाईला हा प्रश्न चुकत नाही. मैदानावर मुली विचारतात, त्यांना न्यायला आलेले वडील विचारतात, मिरचीच्या मोंढ्यात ओळखीचा आडत्या सौदा थांबवून विचारतो: मॅडम, मेरी कोम मोठी की निखत झरीन? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, आणि ते निखत असतं. निखत निजामाबादची. आमच्याकडून बासर, पुढे गोदावरीचा पूल, की निजामाबाद आलंच. 1956 पर्यंत आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. आजही इकडच्या कितीतरी घरांच्या सोयरिकी तिकडे आहेत, दवाखान्याला माणसं तिकडे जातात. मणिपूर इथे फारसं कुणी पाहिलेलं नाही. म्हणून मी मेरीचं नाव घेतलं की लगेच ऐकू येतं, "मॅडम, आपल्या बाजूची पोरगी सोडून तुम्ही दुसरीचंच गुणगान करायलात."

तरी माझं उत्तर मेरीच आहे. फक्त "सहा सुवर्णं विरुद्ध दोन, संपला विषय" असं म्हणणाऱ्यांमध्ये मला धरू नका. तेवढ्याने विषय संपत नाही.

मेरीची जागतिक सुवर्णं 2002, 2005, 2006, 2008, 2010 आणि 2018 सालची. त्याआधी 2001 मध्ये, महिलांच्या पहिल्याच जागतिक स्पर्धेत, रौप्य. 2019 मध्ये कांस्य. यातली पहिली पाच सुवर्णं आली तोवर महिला बॉक्सिंग एकाही ऑलिंपिकमध्ये खेळलं गेलं नव्हतं. जो खेळ ऑलिंपिकमध्ये नाही त्यावर सरकारं पैसा घालत नाहीत. त्यामुळे देश कमी उतरायचे, आणि 45 ते 48 किलोच्या सगळ्यात हलक्या गटात मुली आणखीच कमी असायच्या. 2006, 2008 आणि 2010 या तिन्ही अंतिम लढतींत मेरीसमोर एकच बॉक्सर उभी होती, रोमानियाची स्टेलुटा डुटा. निखतच्या बाजूचे लोक या गोष्टीवर बोट ठेवतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही.

निखत इस्तंबूलच्या जागतिक स्पर्धेत उतरली 2022 मध्ये. तोवर महिलांचं बॉक्सिंग तीन ऑलिंपिकमधून गेलं होतं. प्रत्येक देशाची स्वतःची शिबिरं होती, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ हाताशी होते. तिथे 52 किलोच्या अंतिम लढतीत तिने थायलंडच्या जितपोंग जुतामासला 5-0 ने, म्हणजे पाचही पंचांच्या कौलाने, हरवलं. भारताच्या महिलांनी त्याआधीही सुवर्णं आणली होती. सरिता देवी, जेनी आणि लेखा या तिघींनी 2006 मध्ये दिल्लीत जिंकलं होतं. परदेशात जाऊन जागतिक सुवर्ण जिंकणारी मेरीनंतरची पहिली भारतीय बाई मात्र निखतच. पुढच्याच वर्षी दिल्लीत ती 50 किलोत खेळली, कारण पॅरिस ऑलिंपिकमध्ये 52 चा गट नव्हता. तिला मानांकन नव्हतं. दुसऱ्याच लढतीत अल्जेरियाची अग्रमानांकित रुमैसा बुआलेम समोर आली. सहा लढती जिंकल्या तेव्हा सुवर्ण हाती आलं. एकेक सुवर्ण वेगळं काढून तोललं, तर निखतची ही दोन मेरीच्या 2002 किंवा 2005 च्या सुवर्णापेक्षा जड भरतील. हे मी मुलींनाही सांगते.

मग मेरी का? तर 2018 मुळे.

मेरीने पहिली सुवर्णं घेतली तेव्हा गुण यंत्रावर मोजले जायचे. पाच पंच कळ घेऊन बसायचे आणि तिघांनी साधारण एकाच क्षणी कळ दाबली तरच ठोसा धरला जायचा. अशा पद्धतीत एकेक स्वच्छ ठोसा मारून लांब पळणारी बॉक्सर जिंकते. मेरी तशीच होती. डावखुऱ्या पवित्र्याची, उंचीने कमी, आत घुसून दोन ठोसे देऊन बाजूला निघणारी. 2013 मध्ये ती पद्धत गेली. आता पंच प्रत्येक राउंड जिंकणारीला दहा गुण देतात, आणि राउंडवर ताबा कुणाचा, पुढाकार कुणाचा हेही बघतात. महिलांच्या लढती आधी दोन-दोन मिनिटांच्या चार राउंडच्या होत्या, 2017 पासून पुरुषांसारख्या तीन-तीन मिनिटांच्या तीन राउंडच्या झाल्या. एकूण वेळ एकच मिनिट वाढला असं कागदावर दिसतं. पण तिसरं मिनिट काय असतं ते हातमोजे घालून उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दोन मिनिटांच्या सवयीची बॉक्सर त्या मिनिटाला गार्ड खाली आणते, पाय जमिनीला चिकटतात, आणि नेमके तेव्हाच ठोसे बसतात. या बदलात कितीतरी चांगल्या बॉक्सर मागे पडल्या.

मेरी मागे पडली नाही. तीन मुलांची आई, पस्तिशी उलटलेली, आणि 2018 मध्ये दिल्लीत 48 किलोच्या अंतिम लढतीत युक्रेनच्या हॅना ओखोटाविरुद्ध पाचही पंचांचा कौल तिच्या बाजूने. आता कुणी म्हणू शकत नव्हतं की मुली कमी होत्या. पहिलं सुवर्ण 2002 चं, सहावं 2018 चं. मधल्या सोळा वर्षांत गुणांची पद्धत बदलली, राउंड बदलले, प्रतिस्पर्ध्यांची एक अख्खी पिढी निवृत्त झाली. जागतिक स्पर्धेत सहा सुवर्णं त्याआधी क्यूबाच्या फेलिक्स सॅव्हॉनने जिंकली होती, त्याची 1986 ते 1997 या काळातली. मेरीने त्याची बरोबरी केली, आणि तीही त्याच्यापेक्षा लांब पल्ल्यावर. सार्वकालिक मोठेपण मोजायचं तर मी हा पल्ला मोजते.

डुटाला तीनदा हरवलं त्या सुवर्णांनाही मी हलकं धरत नाही. तीच बॉक्सर तीनदा समोर येते म्हणजे ती तुमचा डाव पाठ करून आलेली असते. शिवाय 2008 ची लढत मेरीने जुळी मुलं झाल्यानंतर वर्ष-सव्वा वर्षात खेळली. बाळंतपणानंतर पोटाचे आणि कमरेचे स्नायू किती ढिले पडतात आणि ठोशाचं बळ कमरेतूनच कसं येतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ते सुवर्ण "सोपं" म्हणू नये.

लंडनबद्दल लोक हमखास विचारतात: ऑलिंपिकमध्ये कांस्यच ना? 2012 मध्ये महिलांना तीनच वजनी गट होते, 51, 60 आणि 75. मेरीचा 48 चा गटच नव्हता. तिला तीन किलो वर जावं लागलं. 48 किलोच्या अंगावर तीन किलो म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त, आणि समोर येणाऱ्या मुली बहुतेक वरच्या गटातून वजन उतरवून आलेल्या. पहिलीच लढत पोलंडच्या कॅरोलिना मिखालचुकशी, जी 2008 मध्ये 54 किलोची जागतिक विजेती होती. मेरीने तिला 19-14 हरवलं. उपांत्य फेरीत निकोला अॅडम्सकडून 11-6 हरली, आणि अॅडम्सने पुढे सुवर्ण घेतलं. ते कांस्य मी मेरीच्या दोन-तीन जागतिक सुवर्णांच्या वर ठेवते.

निखतलाही ऑलिंपिकने न्याय दिला नाही. पॅरिसला मानांकन नसल्यामुळे दुसऱ्याच लढतीत चीनची वू यू समोर आली. वू यू जिंकली आणि सुवर्णही तीच घेऊन गेली. ती लढत उपांत्य फेरीत झाली असती तर निखत हरूनही कांस्य घेऊन घरी आली असती.

जाणकार म्हणवणारे अजून एक माप काढतात: दोघी ज्यांच्याशी लढल्या त्या बॉक्सर. कोलंबियाच्या इंग्रित व्हॅलेन्सियाने टोकियोत मेरीला 3-2 ने बाहेर काढलं, आणि निखतने 2023 च्या उपांत्य फेरीत तिलाच 5-0 ने हरवलं. झालं, निखत मोठी! पण त्याच व्हॅलेन्सियाला मेरीने 2019 च्या जागतिक स्पर्धेत 5-0 ने हरवलं होतं. तुर्कीची बुसे नाझ चाकिरोलू घ्या. मेरी 2019 मध्ये तिच्याकडून हरली. निखतने 2022 मध्ये तिला बल्गेरियात हरवलं, आणि 2025 मध्ये लिव्हरपूलला तिच्याकडूनच 5-0 हरली. बॉक्सिंगमध्ये बेरीज-वजाबाकी अशी चालत नाही. त्या दिवशीचं वजन, त्या दिवशीचे पाय, समोरचीचा पवित्रा, सगळं बदलतं.

दोघी समोरासमोर आल्या त्या लढतीचंही सांगते, कारण तिच्यावरून आमच्याकडे भांडणं होतात. 2019 मध्ये ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी मेरीला ट्रायलशिवाय पाठवायचं घाटत होतं. निखतने क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून ट्रायल मागितली. ती तिने मागितली हे शंभर टक्के बरोबर केलं. सहा सुवर्णं असली तरी पुढची जागा रिंगमध्येच मिळवायची असते, आणि माझ्या मुलींनी निखतकडून दुसरं काही नाही शिकलं तरी एवढं शिकावं असं मला वाटतं. 28 डिसेंबरला दिल्लीत लढत झाली. मेरी 9-1 ने जिंकली आणि तिने हात मिळवला नाही. ते मला तेव्हाही आवडलं नाही, आजही आवडत नाही. निकाल मात्र निकाल आहे. स्वतःपेक्षा तेरा वर्षांनी लहान, तयारीत असलेल्या मुलीला मेरीने त्या दिवशी जवळ येऊ दिलं नाही. यावरून मेरी कायमची सरस ठरत नाही, कारण निखतचे सगळ्यात चांगले दिवस त्यानंतर आले. 2010 ची मेरी आणि 2022 ची निखत 51 किलोवर समोरासमोर उभ्या केल्या तर मी निखतवर पैज लावीन. तिला अंतर राखता येतं, आणि त्या वजनाला तिचं अंग सरावलेलं आहे.

एका रात्रीची लढत जिंकणं आणि सार्वकालिक मोठं असणं यात मी फरक करते, तो इथे.

माझं उत्तर बदलू शकतं का? हो. भारताच्या एकाही बॉक्सरने, बाई असो की पुरुष, आजवर ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेलं नाही. निखतने ते आणलं तर मी बिनदिक्कत तिचं नाव आधी घेईन. लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक 2028 मध्ये आहे. तेव्हा निखत 32 वर्षांची असेल, म्हणजे सहावं सुवर्ण जिंकणाऱ्या मेरीपेक्षा तीन वर्षांनी तरी लहान.