शंकर नाग यांची वही: मालगुडीत मुक्काम

जुन्या दूरदर्शन मालिकांच्या वेड्यांसाठी पुढची नोंद. ठरल्याप्रमाणे कन्नड नट-दिग्दर्शक शंकर नाग यांचं काम क्रमानं पाहतोय: आधी नट, मग सिनेदिग्दर्शक, मग आर. के. नारायण यांच्या कथांवर त्यांनी दिग्दर्शित केलेली मालिका, 'मालगुडी डेज'. स्वामी या शाळकरी पोराचे भाग संपले, 'मिठाईवाला' सुरू आहे.

मागच्या टप्प्याचं थोडक्यात. जन्म 1954, होन्नावरचा. शिक्षण झाल्यावर मुंबई, आणि तिथे मराठी नाटकाचा नाद. पत्नी अरुंधतीबाईंची गाठही तालमीतच पडली. चापेकर बंधूंवरच्या '22 जून 1897' या मराठी सिनेमाच्या लेखनात त्यांचा वाटा होता, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. 1978 साली गिरीश कार्नाडांनी 'ओंदानोंदु कालदल्ली'मध्ये घेतलं आणि पहिल्याच सिनेमाला इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, उत्कृष्ट नटाचं रौप्यमयूर. पुढे 'ऑटो राजा' आला आणि गडी कर्नाटकातल्या रिक्षावाल्यांचा देवच झाला. नायक म्हणून केलेले मारधाडीचे सिनेमे मी पळवत पळवत पाहिले, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही.

'मिंचिन ओटा' (1980) मात्र बघाच. दिग्दर्शक म्हणून सुरुवात इथली. गाड्या चोरणारे तिघे आणि तुरुंगातून निसटण्याची धडपड. त्यात प्रिया तेंडुलकर आहेत, 'रजनी' मालिकेच्या कितीतरी आधीच्या. आणि रमेश भट, जे पुढे मालगुडीतही भेटतात. वहीत मी नटांसाठी वेगळं पान ठेवलंय, त्याचा फायदा इथे होतो: तीच नाटकातली माणसं सिनेमातून मालिकेत येताना दिसतात.

आता मालगुडी. 1986 मध्ये दूरदर्शनवर आली, चित्रीकरण कर्नाटकातल्या आगुंब्याला. आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं, एल. वैद्यनाथन यांची ती 'ता ना ना' धून. एवढं सगळ्यांना पाठ आहे, म्हणून पुढे जातो.

माझं मत असं बनत चाललंय की ही मालिका नटानंच करायला हवी होती. कारण, पडद्यावर गाजलेल्या माणसाला इथे गाजू दिलेलं नाही. 'पंचेचाळीस रुपये महिना' घ्या. विष्णुवर्धन म्हणजे तेव्हा कन्नडमधले बडे स्टार. इथे ते व्यंकटराव नावाचे कारकून. लेकीला सिनेमाला न्यायचं कबूल केलंय आणि साहेब काही सोडत नाही. शेवटी माणूस चिडून राजीनामा खरडतो, तर पगारात पाच रुपयांची वाढ झाल्याचं कळतं. चाळिसाचे पंचेचाळीस! राजीनामा गेला कुठल्या कुठे, आणि घरी पोचेपर्यंत पोर झोपलेली. एखाद्या स्टारनं या जागी मोठं भाषण मागितलं असतं. इथे पाच रुपयांपुढे मान तुकवण्यातच सगळी भूमिका आहे. ज्यानं स्वतः टाळ्या घेतल्यात, त्यालाच दुसऱ्याच्या टाळ्या कुठे कापायच्या हे कळतं, दुसरं काय!

तसंच कार्नाडांचं. आपल्याला पहिली संधी देणाऱ्या दिग्दर्शकाला शंकर नाग यांनी स्वामीचा बाप केलं. 'नायक'च्या गोष्टीत बाप पोराला शौर्याचे डोस पाजतो आणि रात्री एकट्यानं ऑफिसात झोपायला लावतो. घाबरलेला स्वामी बाकाखाली शिरतो, अंधारात कुणाचा तरी पाय येतो आणि हा त्याला कडकडून चावतो. चोर निघतो तो! सगळं गाव शाबासकी देतं, स्वामीला मात्र फक्त आपल्या जागी झोपायचं असतं. स्वामी झालेल्या मास्टर मंजुनाथचं कौतुक सगळेच करतात, रास्तच आहे. पण समोर कार्नाडांसारखा करडा बाप नसता तर त्या पोराची भीती एवढी खरी वाटली असती का?

'मिठाईवाला'त जगन झालेत थोरले भाऊ अनंत नाग. जगन म्हणजे गांधीवादी बाप, आणि अमेरिकेहून गोष्टी लिहिणारं यंत्र आणायला निघालेला मुलगा. अर्धं पाहिलंय, घाई करणार नाही. हे भाग सलग उरकायचे नाहीत, मध्ये पुस्तकातलं प्रकरण वाचायचं आणि मगच पुढचा भाग लावायचा, असं चाललंय. अनंत नाग यांचं पान भरतंय झरझर.

यानंतर एकेका भागाच्या सुट्या कथा, मग शंकर नाग यांचाच 'ॲक्सिडेंट'. एकही गाणं नसलेला सिनेमा, पार्श्वसंगीत इळैयराजांचं. 2006 मधले कविता लंकेश यांचे मालगुडीचे भाग सगळ्यात शेवटी. शंकर नाग 1990 मध्येच दावणगेरेजवळच्या अपघातात गेले, त्यामुळे हे भाग वेगळ्या वहीत. कुणाकडे रमेश भट यांच्या मालगुडीतल्या सगळ्या भूमिकांची यादी असेल तर द्या, माझ्या पानात अजून रिकाम्या ओळी आहेत.