संगणकावर टिंग झालं, फोन गप्प

आमचं झेरॉक्सचं दुकान. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, कचेरीसमोरची गाळ्यांची रांग, त्यातला तिसरा गाळा. आधारची प्रिंट, पॅनचा फॉर्म, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, पासपोर्ट फोटो. बाजारपेठेत कुणाचं मोबाइलमध्ये काही अडलं की लोक माझ्याकडे पाठवतात. 'तो करून देतो.' हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला पोटभर हसता येईल.

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५. मंगळवारपासून बारावीची परीक्षा, त्यामुळे हॉल तिकिटांची झुंबड. सहाच्या सुमारास ओळखीच्या एका शाळेतल्या क्लार्कच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर फाइल आली, 'आरटीओ ई चलान ५००'. मेव्हणा माझी गाडी घेऊन आठवडाभर पुण्यात होता आणि हेल्मेटशी त्याचं जुनं वैर. म्हटलं, केलंच यानं. आता शाळेच्या क्लार्ककडून माझं चलान कशाला येईल? पण एका हातानं प्रिंट द्यायची आणि दुसऱ्या हातानं फोन दाबायचा, तेव्हा असले प्रश्न पडत नाहीत.

फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' होतं. पीडीएफ म्हणजे कागद आणि एपीके म्हणजे ॲप, हे मी दहा जणांना तरी समजावलं असेल. फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणाहून ॲप घ्यायचं का? हो. मेसेजसाठी इथून पुढं हेच ॲप वापरायचं का? हो. मग तीन सिंहांचं चित्र असलेलं पान उघडलं. गाडीचा नंबर टाका, एक रुपया भरा, चलान बघा. समोर एक पोरगी 'काका, लवकर' म्हणत उभी. मी डेबिट कार्डाचा नंबर टाकला, मुदतीची तारीख टाकली, मागचे तीन आकडेही टाकले. एक रुपयाच तर होता. चलान काही दिसलं नाही, चक्र गोल गोल फिरत बसलं, मग ॲपचं चित्रच स्क्रीनवरून गेलं. मी समजलो, नेट स्लो आहे.

रात्री पावणेदहाला गल्ला मोजत होतो. संगणकावर मेल उघडी असते, तिथं टिंग झालं. बँकेची मेल: ४९,९९९ रुपये खात्यातून वजा. मी फोन बघितला. फोनवर काहीच नाही. एरवी दहा रुपयांचा चहा पाजला तरी बँकेचा मेसेज येतो. तेवढ्यात संगणकावर पुन्हा टिंग, २८,००० वजा. फोन तसाच गप्प. पैसे गेल्याचा धक्का नंतर बसला. आधी अंगावर काटा आला तो त्या गप्प फोनमुळे. संध्याकाळी मीच 'हो' म्हणून मेसेजची किल्ली त्या ॲपच्या हातात दिली होती. बँकेचे ओटीपी येत होते, ते भलतंच कुणीतरी वाचत होतं, आणि मला दिसायच्या आत पुसतही होतं.

एक शहाणपण मात्र त्या क्षणी सुचलं. फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि सिमकार्ड काढलं. पिन सापडली नाही, स्टेपलरची पिन सरळ करून काढलं. बायकोच्या फोनवरून बँकेच्या कार्डामागच्या नंबरला फोन लावला. घड्याळात ९:५१. कार्ड बंद करा म्हटलं, त्यांनी केलं. मी पुढं म्हटलं, खात्यातून काहीच बाहेर जाऊ देऊ नका, सगळं थांबवा. समोरच्यानं तक्रार क्रमांक दिला. तो मी हॉल तिकिटाच्या वाया गेलेल्या प्रिंटच्या पाठीवर लिहिला, वेळेसकट. तो कागद पुढं फार कामाला आला.

लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी मदत क्रमांक. पैसे गेले असतील तर आधी हा नंबर, ठाण्यात जाणं नंतर. नाव, जिल्हा, कुठलं पोलीस ठाणं, खाते क्रमांक, किती रक्कम, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक काय, असं एकेक विचारत गेले. व्यवहाराचा क्रमांक बँकेच्या मेलमध्ये असतो, तो समोर ठेवूनच फोन करा. संपर्कासाठी बायकोचा नंबर दिला, माझा फोन तर बाधित. घाई कशाची, तर पैसा एका खात्यात थांबत नाही. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, मग एटीएममधून रोख. १९३० वरची तक्रार थेट त्या त्या बँकेकडे जाते आणि ज्या खात्यात त्या घडीला जेवढे पैसे सापडतील तेवढे अडकवून ठेवतात. बँकवाले त्याला 'लीन' म्हणतात, पोलीस 'होल्ड' म्हणतात.

रात्री बसून सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर सविस्तर तक्रार भरली. लोकांचे फॉर्म मी डोळे मिटून भरतो, स्वतःचा भरताना जन्मतारीख दोनदा चुकली. मध्येच संगणकावर परत टिंग. १०:११ ला ९,५०० गेले. कार्ड तर बंद होतं! नंतर कळलं ते असं: कार्डाची माहिती आणि ओटीपी यांच्या जोरावर त्यांनी माझ्या नेटबँकिंगचा पासवर्डच बदलला होता. दुसरा आणि तिसरा व्यवहार त्यातून झाला. कार्ड बंद केल्यानं नेटबँकिंग बंद होत नाही. एकूण ८७,४९९.

सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. ठाण्यात जे आहेत त्यांच्या झेरॉक्सा मीच काढतो, त्यामुळे आधी सगळ्यांनी 'तू पण?' म्हणून घेतलं. तिथल्या एका हवालदारानं मात्र लाखमोलाची गोष्ट सांगितली: फोन रिसेट करू नको. मी घरून तेच ठरवून निघालो होतो, सगळं पुसून मोकळं व्हायचं. पण मूळ मेसेज, ती एपीके फाइल, किती वाजता आली, हा सगळा पुरावा त्या फोनमध्येच. आधी स्क्रीनशॉट, चॅटचं पान, फाइलचं नाव, ते सगळं दुसऱ्या मोबाइलनं फोटो काढून घेतलं, मग रिसेट. गुन्हा दाखल झाला, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ क, ६६ ड.

त्या क्लार्कला फोन केला तर तो आधीच रडकुंडीला आलेला. त्यानं मला काही पाठवलंच नव्हतं. त्याच्या फोनमध्ये शिरलेल्या ॲपनं त्याच्या नावानं सगळ्यांना पाठवलं होतं. मग माझ्या पोटात गोळा. बघतो तर माझ्याही फोनवरून फाइल गेलेली: वीज मंडळाचे वायरमन, सासरे, भजनी मंडळाचा ग्रुप. दोन तास एकेकाला फोन करून 'उघडू नका' सांगत होतो. भजनी मंडळात तिघांनी उघडली होती, पण त्यांच्या खात्यात काही नव्हतं. एक जण म्हणाला, गरिबीचा असाही उपयोग होतो बघ.

सोमवारी बँक. समोरचे साहेब पहिल्या मिनिटाला म्हणाले, "ओटीपी तुम्हीच दिला, आम्ही काय करणार?" मी दिला नव्हता, चोरला गेला होता, पण कार्डाचे आकडे मीच टाकले होते. ते नाकारून चालणार नव्हतं. इथं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक वाचून गेलो होतो. लोक त्यातलं एकच वाक्य सांगत फिरतात, 'तीन दिवसांत कळवलं की सगळे पैसे परत'. तसं नाही. ना बँकेची चूक, ना ग्राहकाची, असं असेल आणि कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भुर्दंड नाही. ग्राहकाचा हलगर्जीपणा असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. माझे ७७,९९९ माझ्या हलगर्जीपणाचे, कबूल. १०:११ चे ९,५०० मात्र ९:५१ च्या तक्रारीनंतर गेलेले. हॉल तिकिटाच्या पाठीवरचा तक्रार क्रमांक साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं, पोच घेतली. पोच देताना शिक्का सापडत नव्हता, मी म्हटलं थांबतो. अर्धा तास थांबलो.

पहिलं उत्तर नकाराचं आलं, छापील. मग बँकेच्या वरच्या कार्यालयाला लिहिलं. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, हे शेवटच्या ओळीत घातलं. लोकपालाकडे तक्रार फुकट असते, ऑनलाइन करता येते, वकील लागत नाही. जावं लागलं नाही. एप्रिलमध्ये ९,५०० जमा झाले.

उरलेल्यांपैकी ४९,९९९ ची त्यांनी गिफ्ट व्हाउचर घेऊन वापरूनही टाकली होती, तो विषय मिटला. २८,००० मधले २१,३५० परराज्यातल्या एका खात्यात होल्ड झाले होते. माझे पैसे कुठं आहेत ते मला माहीत, पोलिसांना माहीत, बँकेला माहीत, पण तेव्हा ते माझ्याकडे येणार होते कोर्टाच्या आदेशानं. कारण आता ते माझे पैसे नव्हतेच, तो गुन्ह्यातला 'मुद्देमाल' होता. चोराच्या घरात सापडलेली सायकल आणि माझे २१,३५० एकाच रांगेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज, त्यावर पोलिसांचा 'से', म्हणजे त्यांचं म्हणणं, मग आदेश. कचेरीतले एक वकील माझे रोजचे गिऱ्हाईक. त्यांनी फी घेतली नाही, मी त्यांची झेरॉक्सची थकबाकी सोडली. हिशेब केला तर ते फायद्यात राहिले. जुलैत आदेश झाला, पुढं कुणी या पैशांवर हक्क सांगितला तर परत करीन असं बंधपत्र लिहून दिलं, आणि पैसे आले. ५६,६४९ गेले ते गेले.

दरम्यान बाकीची डागडुजी चालू होती. दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' साइटवर जाऊन माझ्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं. एका माणसाला नऊपर्यंत घेता येतात. माझी चार निघाली, त्यातलं एक माझं नव्हतंच, ते 'माझं नाही' म्हणून कळवलं. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावली. क्रेडिट रिपोर्ट काढून बघितला, नावावर कुणी कर्ज तर काढलं नाही ना. आधारचे बोटांचे ठसे ॲपमधून लॉक केले. लागतात तेव्हा उघडतो, रेशनच्या दिवशी विसरतो आणि बायकोची बोलणी खातो.

पण खरी झोप उडाली ती दुकानातल्या संगणकानं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून डाउनलोडचा फोल्डर उघडला. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, कुणाचा घटस्फोटाचा कागदसुद्धा. चार वर्षांचे. लोक व्हॉट्सॲपवर पाठवतात, मी प्रिंट देतो, वीस रुपये घेतो, फाइल तिथंच राहते. ई-आधारला पासवर्ड असतो म्हणाल, तर तो काय असतो हे गावातल्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याला पाठ आहे: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. त्या एपीकेचं संगणकावर चालणारं एखादं भावंड जर मी इथं उघडलं असतं, तर गेलं असतं ते फक्त माझं नसतं. आणि संगणक तरी बरा. बिघडलेल्या प्रिंटांचा गठ्ठा मी शेजारच्या भेळवाल्याला देत होतो. त्याच संध्याकाळी त्याच्याकडून पुडी घेतली, तर चिरमुऱ्याखाली कुणाचा तरी आधार क्रमांक, चिंचेच्या पाण्यानं ओला झालेला, पण वाचता येईल असा.

आता रात्री शटर ओढण्याआधी फोल्डर रिकामा करतो, रिसायकल बिनसकट, आणि व्हॉट्सॲपवरच्या फाइलीही काढतो. बिघडलेली प्रिंट गिऱ्हाइकाच्या हातातच देतो. काहींना राग येतो. "परवा दिलेली फाइल कुठाय? तुझ्याकडे असेल म्हणून मी ठेवली नाही." नाही, माझ्याकडे नाही. कुणी आधारची प्रिंट मागितली की विचारतो, कशाला हवीय? लॉजवर द्यायला असेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढून देतो. निम्मे म्हणतात, पूर्ण काढ रे, परत चक्कर नको.

भेळवाला अजून रुसलाय. त्याला आता रद्दी विकत आणावी लागते.

गेल्या महिन्यात दुकानाच्या नंबरवर एका निवृत्त गुरुजींचा मेसेज आला. सोबत फाइल, 'लग्नपत्रिका', आणि शेवटी तीच ती तीन अक्षरं. खाली लिहिलेलं, 'कलर प्रिंट काढून ठेव, माझ्याकडं उघडंना.' मी फोन लावला.

"गुरुजी, त्यानं काही विचारलं का तुम्हाला?"

"विचारलं की. तीनदा विचारलं, तीनदा हो म्हटलं. तरी पत्रिका दिसंना."

"फोन बंद करा, आत्ताच्या आत्ता. मी येतोय."

"बंद केला तर तू बोलणार कसा?"

शटर अर्धं ओढलं आणि गाडी काढली. चौकात गेल्यावर लक्षात आलं, हेल्मेट दुकानातच राहिलं.