लातूर आणि मॉरिशस

मेसमधल्या मावशी आज रात्री वाढताना जे बोलल्या ते तसं काही विशेष नव्हतं. त्यांना आता आठवतही नसेल. माझ्या मात्र साडेअकरा वाजले तरी डोक्यातून जात नाहीये.

रांगेत मॉरिशस (म्हणजे माझी तिथून आलेली रूममेट) माझ्या पुढे होती. ताट पुढे करून म्हणाली, ‘मावशी, मला थोडासा भात द्याल का?’ एवढंच. मावशींचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका. भातावर वर तूप. (आमच्या मेसमध्ये तूप असतं हे मला आजच कळलं.) मग माझा नंबर. मी म्हटलं, ‘भात नको, अजून एक पोळी टाका की.’ तर मावशी मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, ‘बघा गं, ती समुद्रापलीकडची पोरगी कशी गोड बोलते, आणि ही आपली महाराष्ट्रातली, भांडायलाच आल्यासारखी!’ सगळ्या हसल्या. मीही हसले. अशा वेळी हसायचंच असतं.

पोळी मिळाली. तूप नाही.

मी काही तिरसट बोलले नव्हते. आमच्याकडे असंच बोलतात. आईचा फोन आला की समोरच्या खोलीतल्या दोघी कान टवकारतात, ‘काय करलालीस’ त्यांनी कधीच उचललंय, जिन्यात भेटल्या की मलाच म्हणून दाखवतात. मनात काही वाईट नसतं त्यांच्या. आल्या आल्या एकीने अगदी काळजीने विचारलं होतं, तुमच्याकडे अजून पाणी रेल्वेनेच येतं का? २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाण्याची गाडी आली होती, तेव्हा मी शाळेत होते. ती गाडी कधीच परत गेली, पण मुंबईवाल्यांच्या डोक्यात ती लातूर स्टेशनात अजून उभीच आहे.

तर, तूप. तुपाचं मला काही नाही. मला राग याचा येतो की नवीन मीही आहे.

ती आली तेव्हा तिला विमानतळावर घ्यायला कॉलेजची गाडी गेली होती. परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळा स्वागत समारंभ झाला, गुलाबाचं फूल, फोल्डर, फोर्टमधून पायी फेरी, गेटवेपाशी फोटो. फोल्डरमध्ये लोकलचा नकाशा, आणि ‘पुढचं स्टेशन कुठलं?’, ‘जरा सरकून घ्या’ वगैरे उपयोगी वाक्यांचा कागद. तो कागद मी गुपचूप पूर्ण वाचला. ‘जरा सरकून घ्या’ने चौथी सीट मिळते हे मला कुणी सांगितलं असतं तर पहिला महिनाभर मी सांताक्रूझ ते चर्चगेट उभी राहिले नसते. मी आले लातूर एक्स्प्रेसने. सीएसएमटीला उतरले तेव्हा एका हातात बॅग, दुसऱ्या हातात बादली, बादलीत आईने कोंबलेली शेंगाचटणी, काळा मसाला आणि धपाटी. घ्यायला येणार असलेला दादा ऐन वेळी आलाच नाही. टॅक्सीवाल्याने बादली बघूनच भाव सांगितला.

आणि वर वॉर्डन मॅडमनी मला तिची ‘बडी’ केलंय. एका खोलीत राहता ना, मग तूच बघ. मी! जिला अजून दादरला कुठल्या पुलावरून कुठे उतरायचं ते कळत नाही.

बघितलंही सगळं. विद्यार्थी व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असला की आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, नोंदणी करावी लागते. ते सगळं आता ऑनलाइन असतं. म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, बोनाफाइड, राहण्याचा दाखला, सगळं स्कॅन करायचं, ठरलेल्या आकारात बसवायचं, आणि हॉस्टेलच्या वायफायवर ते चढेपर्यंत स्क्रीनकडे बघत बसायचं. फोटो एकदा मोठा होतो, एकदा इतका लहान की तीच तिला ओळखू येईना. त्या रात्री तिने सहज माझी फाइल उघडून बघितली. टीसी, नांदेड विद्यापीठाचं मायग्रेशन, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, जातीचा दाखला, त्याची व्हॅलिडिटी, बाबांच्या उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकाच्या तीन तीन झेरॉक्स. म्हणाली, ‘तू कोणत्या देशातून आलीस?’ चेष्टेनेच म्हणाली. पण फाइल खरंच माझीच जाड होती.

सिमकार्डाच्या दुकानात तिला खुर्ची. मला, ‘तुमचं काय काम?’

मला तिचा राग येत नाही, हे आधी लिहून ठेवते. म्हणजे येतो, पण बादलीवरून येतो. माझी बादली घेते आणि जागेवर ठेवत नाही. रात्री उशिरा आईशी क्रिओलमध्ये तावातावाने बोलते. मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, तिथे लोक जेवत असतात तेव्हा मी डोक्यावर पांघरूण घेऊन पडलेली असते. हे राग ठीक आहेत. दुसराच एक आहे, तो सांगायला गेलं की क्षुद्र वाटतो.

गणपतीत तो पहिल्यांदा जाणवला. हॉस्टेलच्या आरतीला आमच्या बहुतेकींचा आवाज पहिल्या आरतीनंतर हळूहळू खाली जातो, मग नुसते ओठ आणि टाळ्या. ही शेवटपर्यंत खणखणीत. हातात आजीची वही, पण त्यात अक्षरं रोमन, त्यातही स्पेलिंग फ्रेंच वळणाचं, मला एक ओळ लागेना. त्यांच्याकडे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते म्हणे, आणि शाळेत मराठी शिकवतात. मेसच्या मावशी रत्नागिरीतल्या संगमेश्वरच्या. हिचे खापरपणजोबा की त्यांच्याही आधीचे कुणी रत्नागिरीकडून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, उसाच्या मळ्यात गेलेले, हे कळल्यावर मावशींनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. ‘लेक माहेरी आली गं.’

दीड-पावणेदोनशे वर्षांनी आली तरी ती माहेरी आली. मी रातभराच्या गाडीने आले, मी लातूरची.

हे इथे लिहिलं, आता बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत.

तिने एकदा सांगितलं होतं, पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, तिथे बोटीतून उतरलेली माणसं सोळा पायऱ्या चढून वर यायची. २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. उतरलेल्या प्रत्येकाला नंबर मिळायचा, त्या नोंदी मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्यात. तिला त्या पणजोबांचा नंबर तोंडपाठ आहे. गावाचं नाव मात्र कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलेलं. रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशावर आम्ही दोघींनी बोट फिरवून बघितलं, चार गावं जवळपास जातात, नक्की एकही नाही. त्यावर ती काही बोलली नाही, मीही नाही. माझ्या खापरपणजोबांचं नाव मला माहीत नाही, नंबर तर सोडाच. जाऊ दे.

आज जेवून वर आलो तर ती पलंगावर फुगून बसलेली. मला वाटलं, माझ्याच तोंडावर काही दिसलं की काय. तर म्हणाली, ‘मी एक प्रश्न विचारते, त्याचं उत्तर तू तरी मला देशील का?’ (बोलते ती अशीच, परीक्षेच्या पेपरसारखी.) प्रश्न काय, तर गरम पाणी किती वाजता येतं. तिने हे आधी वॉर्डन मॅडमना विचारलं होतं. त्यांनी, ‘अय्या, किती छान मराठी!’ म्हणून क्लार्कला बोलावून तिला परत बोलायला लावलं. क्लार्कने घरी ऐकवायला व्हिडिओ काढला. मग मावशींना विचारलं, त्यांनी दृष्ट काढली. गरम पाण्याचं कुणीच सांगितलं नाही. बाई आल्यापासून थंड पाण्याने अंघोळ करतेय!

मी इतकी हसले की समोरच्या दोघी दार उघडून बघायला आल्या.

साडेसहा ते सव्वासात, तेही कोपऱ्यातल्या बाथरूमला, डाव्या नळाला. उजव्याला कधीच येत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं, माझं माझंच कळलं. तिने ते फोल्डरमधल्या त्या उपयोगी वाक्यांच्या कागदावर खाली लिहून घेतलं. मग म्हणाली की तिथे घरी तिच्या मराठीला सगळे हसतात, आजी तर म्हणते शाळेच्या पुस्तकातून बोलतेस. आणि इथे सगळे टाळ्या वाजवतात. दोन्हीकडे ती काय म्हणतेय ते राहूनच जातं.

मी म्हटलं, माझ्याकडे एक व्हिडिओ काढणारा पाठवून दे.

हे सगळं मी आईला फोनवर सांगायला गेले, मावशींच्या टोमण्यापासून. आई अर्ध्यातच म्हणाली, ‘दिवाळीत ती पोरगी एकटी काय करेल गं तिथं?’ मी म्हटलं, आई, मी माझं सांगायलेय. ‘घेऊन ये तिला. तिखट खाते का? भज्जी चालते का विचार. आजीला किती आनंद होईल, परदेशात राहून आरत्या म्हणते म्हणजे!’ झालं. आता आमच्या घरीही तूप तिलाच.

बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ते केव्हाच उघडलंय, उद्या सकाळीच बसावं लागेल, दिवाळीची लातूर एक्स्प्रेस बघता बघता भरते. तिला विचारलं तर लगेच पासपोर्टच काढून दिला. मी म्हटलं, आधी नाव आणि वय तर सांग. खालचा बर्थ मिळालाच तर कुणाला, ते आईने आधीच ठरवून टाकलंय.