तुम्ही विचारलंत म्हणून: विश्वास आहे तर अभ्यास कशाला?

हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी येतो. लग्नात, एसटीत शेजारी बसलेल्या ओळखीच्या बाईकडून, आणि सगळ्यात जास्त आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या लोकांकडून. ताई, तुमची प्रार्थना चालू आहे, भजनं चालू आहेत, प्रभूवर विश्वास आहे, मग हे ग्रीक-बिक कशाला, दर गुरुवारी दमल्याभागल्या लोकांना रात्री बसवून हे काय वाचता, देवाला काय डिग्री लागते का. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं हे मला माहीत आहे, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

माझी सुरुवात अभ्यासाच्या आवडीतून नाही झाली, एका लाजेतून झाली. मी तेव्हा बावीस वर्षांची. आमच्या गल्लीत एक मुलगा होता, सिकलसेलचा. आपल्या विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार काही नवा नाही, सांधे इतके दुखतात की लेकरू रात्रभर कण्हतं. त्याच्या गोळ्या नियमित चालू होत्या. बाहेरून एक प्रचारक तीन दिवसांच्या मीटिंगला आले, त्या मुलाच्या घरी प्रार्थनेला गेले आणि दहा माणसांसमोर म्हणाले की या घरात कोणाचं तरी पाप लपलेलं आहे, विश्वास पुरा असता तर गोळ्या लागल्याच नसत्या. आई तिथेच भिंतीला टेकून बसली होती, तोंडाला पदर लावून. दुसऱ्या दिवसापासून तिनं गोळ्या बंद केल्या. महिनाभराच्या आतच पोराला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागलं, रक्त चढवावं लागलं. वाचला.

मी त्या खोलीत होते. हे चूक आहे हे मला आतून कळत होतं, पण तोंडातून एक वाक्य निघालं नाही, कारण ते वचनावर वचन सांगत होते आणि माझ्याकडे फक्त गाणी होती. नंतर कळलं की ते वाक्य माझ्याच बायबलात होतं, योहानाच्या नवव्या अध्यायात. जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं, आणि येशू म्हणतो, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. लहानपणी मला तो अध्याय तोंडपाठ होता. पाठ होता, पण गरजेच्या वेळी तो हाताशी आला नाही. तेव्हापासून मला वाटतं की अभ्यास हा विश्वासाच्या वरचा दागिना नाही, कोणी वचनाचा दगड करून एखाद्या आईच्या अंगावर फेकला तर मध्ये उभं राहता यावं म्हणून तो करायचा.

मग मी पुण्याला शिकायला गेले, युनियन बिब्लिकल सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात. बाबा म्हणाले, अगं हे कॉलेज तर आपल्या यवतमाळचंच! आणि खरंच, १९५३ साली ते यवतमाळला सुरू झालं आणि तीस वर्षं तिथेच होतं, १९८३ ला पुण्याला गेलं. बाबांनी यवतमाळच्या बाजारात ईशान्येकडची, केरळची पोरं मोडक्या मराठीत भाजी घेताना बघितलेली. ते पुण्याला गेलं याचा मला राग नाही, पण मनात एक गोष्ट राहिली की शिकायला माणूस शहरात गेला की बहुतेक तिथलाच होतो, आणि ज्याच्या मागे वावर आहे, बैल आहेत, म्हातारी आई आहे त्यानं जायचंच कसं. ही अडचण फक्त आपलीच नाही. ग्वाटेमालात १९६३ साली एका सेमिनरीनं हाच विचार करून उलटं केलं, विद्यार्थ्यांना बोलवायचं सोडून शिक्षकच ठरलेल्या दिवशी गावोगाव जायला लागले, लोक आपापलं काम करत घरीच वाचायचे आणि भेटीत फक्त चर्चा. भारतात तेच काम टाफ्टी या संस्थेनं १९७१ पासून बंगळुरूहून सुरू केलं. मला हे वाचून इतकं बरं वाटलं की मी शिक्षण संपल्यावर सरळ गावी परत आले.

आता गुरुवारचं सांगते. साडेआठला बसतो, वेचणीच्या दिवसांत नऊ होतात. चौदा-पंधरा जण, त्यातले निम्मे वाचू शकत नाहीत, म्हणून एक जण सावकाश वाचतो, बाकीचे ऐकतात, मग परत वाचतो. दोनदा वाचून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही हा एकच नियम. जुने मठवासी शेकडो वर्षं असंच वाचत आले, घास चावून चावून खावा तसं, त्याला लेक्तिओ दिविना म्हणतात, पण मी ते नाव काही गुरुवारी सांगत बसत नाही.

मागच्या दिवाळीनंतर मत्तयाचा विसावा अध्याय होता. द्राक्षमळ्याचा मालक पहाटेपासून मजूर लावतो, शेवटचे तर दिवस बुडायला एक तास असताना लावतो, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो. मी आधी दिनार म्हणजे काय ते सांगितलं, एका मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे त्या रात्री घरात चूल पेटेल एवढे पैसे. मग त्या 'रिकामे उभे' राहिलेल्या लोकांवर आलो. यावर मी आयुष्यभर संदेश ऐकलाय की आळस करू नका. पण मूळ ग्रीक शब्द आहे आर्गोस, म्हणजे ज्याच्याकडे काम नाही असा. तोच शब्द बायबलातल्याच तीताच्या पत्रात आळशी या अर्थानंही येतो, म्हणून नुसता कोश उघडून भागत नाही, पुढचं वाचावं लागतं, आणि पुढे ती माणसं स्वतःच सांगतात की आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही.

एवढं मी पुस्तकातून सांगितलं. तर कोपऱ्यातल्या एक मावशी, सत्तरीच्या असतील, बोटांना कापसाच्या बोंडाचे ओरखडे, त्या म्हणाल्या, "त्यानं किलोवर नाही देल्ले ना वं पैसे." मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं, निंदणाला रोज मिळतो पण वेचणी किलोवर असते, तरणी पोर जेवढा कापूस वेचते त्याच्या निम्मा पण आता हाताला येत नाही, मुकादम गाडीत बसवतानाच तोंड पाहून बसवतो. "दिवस बुडेलोक उभं कोन राह्यते? आमीच राह्यतो. म्हातारी, लंगडी, पोटुशी." थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मी एवढी जाड पुस्तकं वाचली पण ते किलोवरचं वाक्य मला कुठेच सापडलं नसतं, आणि आर्गोसचा अर्थ कळला नसता तर मावशी अजूनही स्वतःला त्या गोष्टीतल्या आळशांमध्ये धरत राहिल्या असत्या. दोन्ही लागतं हो. एकट्यानं वाचलं की माणूस आपल्याच मनाचं ऐकतो आणि न वाचता नुसतं जमलं की जो मोठ्यानं बोलेल त्याचं ऐकतो.

काही जण म्हणतात हे साहेब लोकांचं खूळ आहे, आपल्याकडे भक्ती असते. मला हे पटत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बाईला कळावं म्हणून, १९२२ ला जायच्या आधी ते हातावेगळं केलं आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या त्यांच्या मुक्ती मिशनच्याच बाया होत्या. नारायण वामन टिळक १९१९ ला गेले तेव्हा ख्रिस्तायन हे त्यांचं ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य अर्धवट होतं, ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्या लग्नानंतर अक्षर ओळखायला शिकल्या. यात भक्ती कुठे संपते आणि अभ्यास कुठे सुरू होतो ते मला दाखवून द्या. आणि एकत्र बसण्याचं म्हणाल तर ते आपल्या विदर्भाला कोणी शिकवायची गरजच नाही, आमच्या गावात अजून संध्याकाळी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, लहानपणी मी ती ओट्यावरून ऐकत मोठी झाले आणि आमच्या गुरुवारच्या भजनालाही खंजिरीच असते.

त्या मुलाची आई आता येते. मुलगा नियमित गोळ्या घेतो, कॉम्प्युटरचा कोर्स करतोय. दोन वर्षं ती नुसती दाराशी बसायची. गेल्या महिन्यात आम्ही योहान नऊ वाचला, मला वाटलं आता तिला बरं वाटेल, पण तिनं पुढचंच वाक्य धरलं, देवाची कामं याच्या ठायी दिसावी म्हणून हे झालं, ते. म्हणाली, "मंग देवाचं काम दाखवायले माह्याच पोराले काहून दुखवलं?"

मी तिला जे माहीत होतं तेच सांगितलं. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आपल्यासारखी विरामचिन्हं नव्हती, ती नंतर घातली गेली. बहुतेक भाषांतरं तिनं वाचलं तसंच वाचतात. पण काही अभ्यासक म्हणतात पूर्णविराम आधीच घ्या: यानंही पाप केलं नाही, आईबापांनीही नाही. पूर्णविराम. आणि पुढे नवीन वाक्य, देवाची कामं याच्यात दिसावी म्हणून दिवस आहे तोवर आपल्याला काम केलं पाहिजे. म्हणजे दुखणं का आलं याचं कारण तिथे सांगितलेलंच नाही, पुढे काय करायचं ते सांगितलंय.

"म्हंजे ते टिंब मानसानं देल्लं," ती म्हणाली.

मग पोराला मोबाईलचा टॉर्च धरायला लावून तिनं ती ओळ बोट ठेवून परत वाचली, आणि 'नाही'पाशी बराच वेळ थांबली.