स्लॅब धरून उभी असलेली भिंत

नाशिकच्या कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीतली ती तीन मजली इमारत ऐंशीच्या दशकातली. मधल्या मजल्यावरच्या काकांचा एकच हट्ट होता: हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पूर्ण काढायची. पाथर्डी फाट्याला मुलीच्या नव्या फ्लॅटमध्ये दार उघडलं की हॉल, डायनिंग आणि ओटा एका नजरेत दिसतो, तसंच त्यांना इथे हवं होतं. त्यात सिंहस्थ तोंडावर. २०१५ला पाहुण्यांची इतकी रीघ लागली की पंगत बेडरूममध्ये बसवावी लागली, हे काकूंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

फोडकामाच्या दिवशी सकाळीच मिस्त्री ब्रेकर घेऊन हजर झाले. ब्रेकर बाजूला ठेवायला सांगून मी त्यांना आधी छिन्नी-हातोडीने भिंतीच्या माथ्यावरचं, स्लॅबला लागून असलेलं प्लास्टर काढायला लावलं. जुन्या इमारतीत हे मी केल्याशिवाय पुढे जातच नाही. आरसीसी फ्रेम, म्हणजे लोखंड घातलेल्या काँक्रीटचा सांगाडा असेल तर वजन त्याचे बीम आणि कॉलम पेलतात, मधली भिंत नुसता आडोसा असते, आणि बीमखालची भिंत असेल तर प्लास्टरमागे काँक्रीट लागतं. इथे विटा लागल्या. थरावर थर, थेट स्लॅबच्या पोटापर्यंत. दाराच्या चौकटीपाशी टेप लावला तर भिंत नऊ इंची. मिस्त्रींनी उघड्या विटांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, ही भिंत स्लॅब धरून उभी आहे. मी हिला हात लावणार नाही."

आम्ही खाली आणि वर जाऊन पाहिलं. दोन्ही घरांत त्याच रेषेत तीच भिंत.

काका चिडले, आणि त्यांचं चिडणं मला समजत होतं. सामान बांधून झालं होतं, गॅस बंद केला होता. "समोरच्या बिल्डिंगमध्ये काढलीच ना? कुठे काय झालं?" जुन्या घरांच्या कामात हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकावा लागतो, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. मी कागद घेऊन त्यांच्याशेजारी बसले. स्लॅब जिथे भिंतीवर टेकतो तिथे त्याच्या वरच्या अंगाला लोखंड लागतं, दोन भिंतींच्या मध्ये खालच्या अंगाला. मधली भिंत काढली की जिथे टेकू होता तोच स्लॅबचा मधला भाग होतो, पण लोखंड मात्र जुन्या जागीच राहतं. स्लॅब लगेच पडत नाही, म्हणून तर लोकांना वाटतं काही झालं नाही. आधी केसाएवढी चीर येते, मग वरच्या घरात फरशी उचलते, दारं घासायला लागतात. काकांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायला तयार झाले.

इंजिनिअर दुपारी येणार होते. तोवर मी हॉलच्या फरशीवर खडूने नवा ओटा, सिंक आणि जेवणाचं टेबल पूर्ण मापात आखलं आणि आजींना त्यात उभं राहायला सांगितलं. घरातला रोजचा स्वयंपाक अजून त्याच करतात, पण तोवर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. आखलेल्या ओट्यापाशी त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "माझी पाठ हॉलकडे येतेय गं. आल्यागेल्याशी बोलू कशी? आणि मिरचीचा खाट सगळ्यांच्या नाकात जाणार."

माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच. स्वयंपाक करणारी व्यक्ती भिंतीकडे तोंड करून उभी राहणार असेल, तर मधली भिंत पाडूनही ती एकटीच राहते. गौरीच्या जेवणाला बाहेर हशा चाललेला असतो आणि पुरण घाटणारी बाई मागे वळून विचारते, काय झालं? मी ओटा पुसला आणि हॉलकडे तोंड येईल असा पुन्हा आखला.

इंजिनिअरांनी भिंत तपासली आणि सहा फुटांच्या उघड्या भागाला होकार दिला. दोन्ही टोकांना भिंत ठेवायची, वर लोखंडी बीम. काम सोसायटीची लेखी परवानगी आल्यावरच सुरू झालं. दोन्ही बाजूंनी स्लॅबला जॅकचा आधार दिला. आधी भिंतीची अर्धी जाडी कोरून एक चॅनेल, म्हणजे त्या लोखंडी बीमचा अर्धा भाग बसवला, फटीत न आकसणारा ग्राउट, म्हणजे सिमेंटचा मसाला, ठासून भरला, तो पक्का झाल्यावर दुसऱ्या बाजूने दुसरा. खालच्या विटा त्यानंतरच काढल्या, त्याही छिन्नीने. ब्रेकरच्या हादऱ्याने उरलेल्या भिंतीचे सांधे सुटतात.

उघड्या भागात ग्रॅनाइटचं काउंटर आलं, त्यावर सरकती काच. फोडणीच्या वेळी काच ओढायची, एरवी उघडी. चिमणीचा सहा इंची पाइप एकच वळण घेऊन थेट बाहेर काढला, कारण प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. काकांना अजूनही सहा फूट कमी वाटतात. मला ते पुरेसे वाटतात, आणि आजींनाही.

मध्यंतरी तळमजल्यावरचे लोक येऊन पाहून गेले. "आम्हाला डिट्टो असंच करून द्या," म्हणाले. तिथली भिंत वरच्या सगळ्या घरांचं वजन घेते, आणि आता वरच्या बीमच्या दोन टोकांचा भार नेमका तिच्या दोन जागी उतरतो. त्यांच्यासाठी गणित पहिल्यापासून मांडावं लागेल. त्यांना मी इंजिनिअरांचा नंबर दिला आणि त्यांचा लेखी अहवाल हातात आल्याशिवाय माप घ्यायलाही येणार नाही, असं सांगितलं.