चिकुनगुनियाचे सांधे आणि निर्गुडीचा शेक

ताप कधीच उतरला, पण सकाळी बोटं वळत नाहीत. चहाचा कप धरायला दोन्ही हात लागतात. चिकुनगुनियाचं हे दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळू शकतं.

गल्लीत मात्र प्रत्येकाकडं औषध! आत्तींनी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेक दिला. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पांढऱ्या रश्श्यानं सांधे सुटतात म्हणे. सुटत नाहीत, पण रस्सा कोण सोडतंय?

गुळवेलीला मात्र मी नको म्हटलं. कोविडकाळात ती घेतलेल्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलंय. बिनलेबलाच्या पुड्या तर नकोतच, त्यांत कधीकधी स्टेरॉइड निघतं. सध्या शेक, डॉक्टरांच्या गोळ्या आणि रंकाळ्यावर जमेल तेवढं चालणं.