झेरॉक्सची झेरॉक्स आणि बुजलेली शिरोरेघ

आमची पाचपाखाडीतली इमारत पुनर्विकासाला जायची आहे. विशेष सर्वसाधारण सभेची तारीख ठरली आणि सेक्रेटरी म्हणून तीन पीडीएफ माझ्या पदरात पडल्या: सोसायटीच्या नोंदणीच्या वेळचे उपविधी (म्हणजे कारभाराचे नियम), विकासकाशी करायच्या करारनाम्याचा मसुदा आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीची इतिवृत्तं. उपविधींतली कलमं नोटिशीत उतरवायची होती, मसुद्यात सभासदांच्या सूचना घालायच्या होत्या, आणि जुना नकाशा ग्रुपवर टाकायला चित्र म्हणून हवा होता.

गूगलवर शोधलं की फुकट कन्व्हर्टर ढिगाने सापडतात. फाइल चढवा, वर्ड उतरवून घ्या. पण इतिवृत्तांत लोकांचे पॅन नंबर होते, कुणाच्या वारसाहक्काचा वाद होता, थकबाकीची यादी होती. शेजाऱ्यांनी विश्वासाने सोसायटीकडे दिलेले कागद मी अनोळखी सर्व्हरवर कसे टाकणार? म्हणून ठरवलं, जे करायचं ते घरच्या लॅपटॉपवर, मुक्त सॉफ्टवेअरने. लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम होतीच.

पहिल्या दिवशी मी सरळ लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-संचात मसुदा उघडला. तो त्यातल्या 'ड्रॉ' या चित्रं काढायच्या भागात उघडतो आणि प्रत्येक ओळ वेगळ्या चौकटीत येते. एखादा आकडा, एखादं नाव बदलायला हे उत्तम. पण परिच्छेदाच्या मधे दोन वाक्यं घालायची म्हटलं की पुढच्या ओळी सरकत नाहीत. चौकटी निवडून मजकूर एकत्र करायची सोय 'शेप'च्या मेनूत आहे. चार-पाच ओळींना ठीक, तीस पानांना नाही. शेवटी पॉपलर या पीडीएफ हाताळणाऱ्या छोट्या साधनांच्या संचातलं पीडीएफटूटेक्स्ट वापरलं, नुसता मजकूर बाहेर काढला आणि लिबरऑफिसच्याच रायटरमध्ये नव्याने मांडला. इंग्रजी भाग जसाच्या तसा आला. मराठीत मात्र 'विकासक'चा 'िवकासक' झाला होता. कागदावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतात, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ती अक्षरानंतर साठवतात. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या आणि त्यांच्या जागा असतात, त्यामुळे बाहेर काढताना हा क्रम बिघडू शकतो. शोधा-आणि-बदला करून बरंचसं निस्तरलं.

इथेच माझ्या लक्षात आलं की मराठी पीडीएफमध्ये डोळ्याला दिसतं ते आणि फाइलच्या पोटात असतं ते एकच असेल असं धरून चालू नये. तेव्हापासून मी कुठलीही पीडीएफ आली की आधी त्याच संचातलं पीडीएफफॉन्ट्स चालवते. ते फाइलमधल्या फॉन्टची यादी देतं. यादी रिकामी आली तर बहुधा पानं म्हणजे नुसते फोटो, स्कॅन. यादी आली तर 'युनि' नावाचा रकाना बघायचा: तिथे 'नो' असेल तर अक्षरं युनिकोडला जोडणारा तक्ता फाइलमध्ये नाही, कॉपी केलेला मजकूर बिघडण्याची शक्यता मोठी.

इतिवृत्तांचं तेच होतं. पडद्यावर सुंदर मराठी, कॉपी करून चिकटवलं की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवलेल्या असत, म्हणून असं होतं. अशा फॉन्टसाठी परिवर्तक मिळतात, पण नेमका कुठला फॉन्ट ते कळायला हवं आणि आमच्या फाइलमधल्या फॉन्टचा परिवर्तक मला मिळाला नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग सुचलं, पोटातला मजकूर नासलाय ना, सोडून देऊ तो. डोळ्याला दिसतंय ते तर शुद्ध आहे! पानांची चित्रं करायची आणि चित्रांवरून पुन्हा वाचून घ्यायचं.

वाचणारं सॉफ्टवेअर टेसरॅक्ट. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५च्या सुमारास त्याचं काम सुरू झालं, २००५मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. २०१८मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ते न्यूरल नेटवर्कच्या मदतीने अख्खी ओळ वाचतं. मराठीचा संच वेगळा बसवावा लागतो, तो विसरलात तर इंग्रजी समजून काहीबाही वाचेल. ओसीआरमायपीडीएफ हे त्याच्यावर बेतलेलं साधन तर मला फारच आवडलं: तिरकी पानं सरळ करतं, मजकुराची वेगळी फाइल देतं आणि 'फोर्स' सांगितलं की जुना मजकूर बाजूला सारून पानांची चित्रं करून नव्याने वाचतं. इतिवृत्तं सुटली.

नकाशाला काहीच वेळ लागला नाही. पॉपलरमधल्याच पीडीएफइमेजेसने आतलं मूळ चित्र जसंच्या तसं बाहेर आलं. पूर्ण पानाचं चित्र हवं असेल तर पीडीएफटूपीपीएम. ते न सांगता १५० डीपीआय (इंचाला दीडशे ठिपके) धरतं, वाचून घ्यायचं असेल तर ३०० सांगा. एफोर पान मग २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं.

खरी परीक्षा उपविधींची. मूळ प्रत कधीच हरवलेली, आमच्याकडे झेरॉक्सची झेरॉक्स, तिचा स्कॅन. टेसरॅक्टने वाचलं आणि पहिल्याच पानावर 'सभासद'चा 'समासद' झालेला. पुढे 'धारण'चं 'घारण', 'संस्था'ची 'संस्या'. मला वाटलं मराठीचा संचच कच्चा आहे.

तळमजल्यावरचे काका छापखान्यात खिळे जुळवायचे, मग प्रुफं तपासायचे. त्यांना दाखवलं. त्यांनी भिंग काढलं आणि मूळ पानावर 'भ'वर धरलं. म्हणाले, "बघ गं, भ, ध, थ, तिघांच्या शिरोरेघेत डावीकडे फट असते. फट बुजली की म, घ, य. झेरॉक्स काढून काढून शाईने फटी भरल्यात. त्या मशीनचा काय दोष?" मी भिंगातून पाहिलं. खरंच, रेघ सलग झाली होती. इतकी वर्षं मराठी वाचतेय, पण 'सभासद' आपण ओळखीने वाचतो, फट बघत नाही.

मग स्कॅनच पुन्हा केला. काळा-पांढरा न करता करड्या छटांमध्ये, ३०० डीपीआयवर. काही फटी उघडल्या, काही नाहीत. नेहमीचे शब्द शोधा-आणि-बदलाने दुरुस्त केले. उरलेल्यासाठी काकांनी त्यांची जुनी पद्धत लावली: एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवायचं. आकडे आले की थांबायचं आणि अक्षरी म्हणायचं. ते का, हे तिसऱ्या संध्याकाळी कळलं. काकांनी वाचलं "पंधरा दिवसांच्या आत", माझं बोट '९५' वर होतं. शब्दांतली चूक खटकते. '९५ दिवस' मात्र सरळ नोटिशीत गेलं असतं आणि सभेत त्यावरून भांडण झालं असतं.

चव्वेचाळीस पानं सहा संध्याकाळींत झाली. आता मजकुराची फाइल आणि मूळ स्कॅन एकाच फोल्डरमध्ये ठेवलेत, कुणाला शंका आली तर शेजारी शेजारी उघडून बघता येतं. काकांनी मात्र छापील प्रत मागून घेतली. कलमा-कलमापुढे लाल पेनाने खूण करत ते ती अजून एकदा वाचतायत.